घरची साक्ष

२९ ऑक्टोबर, बुधवार

यांच्या चष्म्याची काडी तुटली, म्हणून संध्याकाळच्या प्रार्थनेचं वाचन माझ्याकडे आलं. हल्ली आमच्या घरी पवित्र शास्त्र मोबाईलवरच वाचतात. छापलेलं आहे ते कपाटावर. यांनी स्तोत्र काढून फोन माझ्या हातात दिला. चार ओळी झाल्या असतील, वरून मेसेजची पट्टी खाली आली. मंदा सिस्टर इंदापूर. "झाली का प्रार्थना? आज आवाज नाही आला."

पट्टी गेली. उरलेलं स्तोत्र वाचलं. हे डोळे मिटून होते. आमेन झाल्यावर फोन परत दिला.

आमटी खारट झाली होती. दोघांनी तशीच संपवली.

३० ऑक्टो., गुरुवार

सकाळी दुकान उघडायच्या आधी हे चष्मेवाल्याच्या दारात जाऊन बसले. यांची दाढ दुखत होती तेव्हा डॉक्टरकडे जायला दीड महिना काढला होता.

गुरुवार म्हणजे इंदापूर. हे डेअरीत सुपरवायझर, दूध संकलनाची केंद्रं बघत बारामतीहून कळसवरून इंदापूरला जातात. संध्याकाळी तिथल्या सात-आठ जणांची घरगुती प्रार्थना घेतात आणि मग परततात. आधी एका मास्तरांकडे जमायचे, गेलं वर्षभर मंदा सिस्टरच्या घरी.

मंदाला मी ओळखते. सासूबाई शेवटचे अठरा दिवस इंदापूरच्या दवाखान्यात होत्या, तिथली नर्स. नवऱ्यानं टाकलेली, मूल नाही. मी सून असून सासूबाईंचे केस असे कधी विंचरले नाहीत, जसे तिनं विंचरले. मीच तिला साडी दिली. मीच यांना म्हटलं होतं, एकटी आहे बिचारी, प्रार्थनेला घेत जा.

हे पावणेनऊला आले. म्हणाले, "रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या." कारखाने सुरू झालेत. खरंही असेल.

२ नोव्हें., रविवार

प्रभुभोजनाचा रविवार, भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा.

पाळकसाहेब प्रवचनात दहा आज्ञा एकेक घेताहेत. आज सातवी, व्यभिचाराची. वयानं लहान आहेत, लग्नाला तीन वर्षं, पण बोलले धीटपणे. म्हणाले, पूर्वी या पापाला निदान चपला घालून घराबाहेर पडावं लागायचं. आता नवराबायको एका अंथरुणात पाठीला पाठ लावून पडतात आणि दोघांच्या हातात एकेक खिडकी. प्रभूनं नजरसुद्धा सोडली नाही, तर बोटं सोडेल का? मागच्या बाकावरची पोरं हसली. यांनी मान डोलावली. पुरुषांची बाजू आम्हाला तिरकी समोर पडते, म्हणून दिसलं.

नंतर ताट आलं. मनात कोणाविषयी कडू असेल तर भाकर घ्यायची नाही, आधी समेट करायचा, हे लहानपणापासून शिकवलेलं. माझ्या मनात कडू होतं. ताट पुढे दिलं. शेजारी कमलमावशी. कानाशी म्हणाली, "आगं, घे की." मी मान हलवली. प्यालाही पुढे दिला.

यांनी दोन्ही घेतलं.

३ नोव्हें., सोमवार

सकाळी हे म्हणाले, "काल घेतलं नाहीस ते?"

"मन साफ नव्हतं."

"कशानं?"

"मंदा सिस्टरच्या मेसेजनं."

हसले. खरंखुरं हसले, त्याचंच मला नवल वाटलं. "अगं, मी तिला शास्त्रातलं रोजचं वचन पाठवतो. स्तोत्र माझ्या आवाजात म्हणून पाठवतो. एकटी बाई, झोप लागत नाही तिला. घे, बघ तूच." फोन ओट्यावर ठेवून आंघोळीला गेले.

दुसऱ्याचं पत्र फोडू नये असं बाबा सांगायचे. पण हे तर उघडून हातात दिलेलं. वाचलं.

चौदा महिन्यांचं आहे. वाईट शब्द एक नाही. पहाटे साडेपाचला वचन. रात्री यांच्या आवाजात गीत. आमच्या घरात हे गायचे बंद झाले सासूबाई गेल्या तेव्हापासून. मला वाटलं, गळा गेला.

मधेमधे वचनाखाली दोन-चार ओळी. "आईचं कपाट अजून उघडवत नाही." मला म्हणाले होते, लुगडी वाटून टाक. "डाव्या कानानं ऐकू कमी येतंय, भीती वाटते." मला माहीत नाही. आणि एका ठिकाणी, "घरी बोलायला कोणी नाही."

ती ओळ गणपतीच्या सुट्टीतल्या दिवसाची. त्या दिवशी हे घरीच होते. मी दिवसभर समोर होते, शेवया वळत.

हे आंघोळ करून आले. "बघितलंस? आहे काही?"

म्हटलं, "नाही."

४ नोव्हें.

लिहिण्यासारखं काही नाही. हिशेबाच्या जुन्या वहीतली ही कोरी पानं याच कामाला लागतील असं वाटलं नव्हतं.

५ नोव्हें., बुधवार

रूथचा पुण्याहून फोन. लेक असली तरी सांगावं की नाही, विचार करत होते, पण आवाजावरून तिनं ओळखलं. मंदाचं नाव न घेता सांगितलं.

"आई, एवढंच? बाबा कोणाशी तरी बोलतात, एवढंच ना? त्याला काय अफेअर म्हणतात का?"

"मग काय म्हणतात?"

"काहीच नाही म्हणत."

"नाव नाही म्हणून ते नाहीच का?"

मग म्हणाली, "तू पण बोल ना कोणाशी तरी." पोरगी चांगली आहे. ऑफिसातून फोन करते, शेजारी माणसं असतात.

दुपारी शास्त्र काढलं, छापलेलं. नजरेच्या पापाचं आहे. अंथरूण निर्दोष असावं, हे आहे. बोलण्याचं शोधत होते. जुन्या कराराच्या अगदी शेवटच्या संदेष्ट्यानं तरुणपणीच्या बायकोला सोबतीण म्हटलं आहे, आणि तिच्याशी बेइमानी करू नका असं लिहिलं आहे. अंथरुणाचा उल्लेख तिथं नाही. सोबतीचा आहे. तिथं बोट ठेवून बराच वेळ बसले. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.

९ नोव्हें., रविवार

उपासनेनंतर पंचांचा निर्णय वाचला. मंडळीचे दोन नवे वडील, म्हणजे कारभार बघणारे ज्येष्ठ, नेमायचे. एक साळुंकेसर, दुसरं नाव यांचं. नाताळाआधीच्या आगमनाच्या पहिल्या रविवारी, म्हणजे तीस तारखेला, डोक्यावर हात ठेवून नेमणूक.

यांचे आबा कऱ्हाटीच्या मंडळीत असेच वडील होते. घरी येताना मोटरसायकलवर हे काही बोलले नाहीत, पण दारात उतरल्यावर म्हणाले, "आबा असते तर." डोळे भरले होते. मला बरं वाटलं. मग आठवलं, तीस तारखेला मला उभं राहायचं आहे.

आमच्या मंडळीत रीत आहे, जुन्या पाळकसाहेबांनी घालून दिलेली. हात ठेवायच्या आधी त्या माणसाची बायको सगळ्यांदेखत उभी राहते आणि सांगते, हा माणूस आपल्या घराशी विश्वासू आहे. या सांगण्याला घरची साक्ष म्हणतात. ती झाल्याशिवाय पाळक हात ठेवत नाही. आजवर प्रत्येक बाईनं एकच वाक्य म्हटलं आणि खाली बसली. कोणाच्या मनात काय होतं, कोण जाणे.

११ नोव्हें., मंगळवार

कमलमावशी आली. पणदऱ्याची म्हातारी, लेकाकडे बारामतीला राहते. पोटात काही ठेवत नाही. चहा व्हायच्या आत सुरू.

"खरं सांग, कोण हाय त्यो?"

"कोण तो?"

"आता मलाच इचारती. भोजन सोडलंस, सगळ्यांनी बघितलं. काय केल्याबिगर कोन सोडतंय व्हय? पन्नाशीत पाय घसरला का गं?"

"मावशी, माझा पाय गुडघ्यात वळत नाही, घसरायचा कुठं?"

"हसू नगंस. महिला मंडळात चाललंय. गिरणीवाल्याशी लई बोलती म्हनं."

"दळण जाड देतो म्हणून बोलते."

"मी बी त्येच म्हनलं. पर बायकांचं तोंड कुठं धरू?" मग बशी खाली ठेवून हळू आवाजात, "नवरा वडील व्हायला निघालाय. त्येच्या तोंडाला काळं लावू नगंस, बाई."

ती गेल्यावर हसले. मग नाही हसले.

शास्त्रातली, व्यभिचारात धरून मंदिरात आणलेल्या त्या बाईची गोष्ट आठवली. दगड घेऊन उभे होते सगळे. बाईला आणलं होतं. पुरुषाला आणल्याचं कुठं लिहिलेलं नाही.

१३ नोव्हें., गुरुवार

पाळकीणबाई आल्या. पंचवीस-सव्वीसची पोर, मला बहीण म्हणते. तास गेला हवापाण्यात. मग, "बहीण, मनावर काही असेल तर हलकं करा. बाहेर जाणार नाही. साहेब म्हणतात, घरची साक्ष देणारी स्वतः... म्हणजे..." पुढचं तिलाही येईना.

एक वाक्य बोलले असते तर सुटले असते. ते वाक्य यांच्यावर पडलं असतं, आणि इंदापूरला एकट्या राहणाऱ्या बाईवर.

"माझ्याकडून देवाचा काही अपराध नाही," म्हटलं. "एवढंच सांगते."

"मग भोजन?"

"ते मी आणि प्रभू बघू."

तिनं मान खाली घालून प्रार्थना केली. माझ्या पश्चात्तापासाठी केली. मीही आमेन म्हटलं.

हे इंदापूरला गेले होते.

१६ नोव्हें., रवि.

बाकावर माझ्या डाव्या बाजूला कोणी बसलं नाही. उजव्या बाजूला कमलमावशी, रुसल्यासारखी.

यांना म्हटलं, "मंडळीत माझ्याबद्दल काय चाललंय, कानावर आहे का?"

"बायका काहीतरी बोलत असतात."

"तुम्ही त्यांना काय म्हणालात?"

"मी कशाला तोंड घालू? आपोआप थांबेल."

१७ नोव्हें.

राग आहे हे लिहून ठेवते. काल रात्रीपासून आहे. गोष्ट तुमची, बोल मला, आणि तुम्ही म्हणता आपोआप.

२० नोव्हें., गुरुवार

म्हटलं, मीही येते इंदापूरला. यांनी चष्मा काढून पुसला. "ये की." कळसच्या केंद्रावर अर्धा तास, मी बाकड्यावर बसून होते. दुधाचे कॅन, माशा, उन्हात वाळत घातलेली मका. नंतर इंदापूर.

मंदाच्या दोन खोल्या. झाडलोट स्वच्छ. भिंतीवर एक क्रूस आणि दवाखान्याचं कॅलेंडर. मला बघून धावत आली, दोन्ही हात धरले. "ताई, बसा हितं, खुर्चीवर." तोंड खरं आनंदाचं होतं. मी ते बघायला आले नव्हते.

सात जण होते. हे गायले. चौदा महिन्यांनी ऐकला यांचा आवाज. गेला नाही गळा. मंदा दाराशी बसली होती, डोळे मिटून, पदर घट्ट धरून. बघायला लागू नये म्हणून मीही मिटले.

नंतर ती चहाला आत गेली, मी कप धुवायला मागे. नळ सुरू होता. ती पातेल्याकडे बघत म्हणाली, "ताई, तुम्ही काहीतरी इचारायला आलाय ना?"

"हो."

"इचारू नका. इचारलंत तर मी खोटं न्हाय बोलणार."

"मग खरंच बोल."

"त्यांच्या मनात काय हाय, मला ठाऊक न्हाय. कधी एक शब्द वावगा न्हाय बोलले. माझ्या मनात हाय." साखर घातली, परत घातली. "देवाला रोज सांगते. तुम्हाला सांगायचं राहिलं होतं."

मला वाटलं होतं, रडेल, नाहीतर नाकारेल. दोन्हीतलं काहीच केलं नाही. मी कप पुसले.

ती म्हणाली, "तुमच्याबद्दल लई बोलतात ते. म्हणतात, ती देवाचं माणूस हाय, तिला कशाचीच गरज लागत न्हाय."

परत येताना अंधार. ट्रॉल्यांच्या मागे मागे. एकदा यांच्या खांद्याला धरलं, खड्डा होता म्हणून.

२१ नोव्हें., शुक्रवार

चहा देताना सांगितलं. "मंदाच्या मनात आहे. तिनं स्वतः सांगितलं."

कप तोंडाशी गेला होता, तो खाली आला. विचारलं नाही काय आहे म्हणून.

संध्याकाळी माझ्यासमोर बसून सगळं पुसून टाकलं, तिचा नंबरसुद्धा. "झालं? आता आहे का काही?"

"मी पुसा म्हटलं नव्हतं."

"मग काय पाहिजे तुला?"

"चौदा महिने तिला जे सांगितलं ते मला सांगा."

"आता काय सांगू? पुसलं ना."

मला वाटतं यांना खरंच कळलं नाही. पाप म्हणजे काढून टाकायची वस्तू, एवढंच शिकलोय आपण. काढून टाकलं की जागा रिकामी राहते, तिथं काय ठेवायचं ते रविवारच्या शाळेत शिकवलं नव्हतं.

२३ नोव्हें., रवि.

तीन रविवार सातवीच चालली, आज प्रवचन आठव्या आज्ञेवर, चोरीच्या. पाळकसाहेब पुढे गेले.

२५ नोव्हें., मंगळवार

स्वतःचं तपासते आहे. अर्धवट नको.

सासूबाईंना पुरून आलो त्या संध्याकाळी हे पलंगावर बसले होते. म्हणाले, "शेवटी तिनं मला ओळखलं नाही गं." मी पाहुण्यांच्या चादरी घडी करत होते. म्हटलं, "झोपा आता, उद्या चार ठिकाणी कळवायचंय." वाईट हेतू नव्हता. सतरंज्या परत द्यायच्या होत्या. दुसऱ्या दिवशी विचारेन म्हटलं. विचारलं नाही.

कानाचंही. टीव्हीचा आवाज मोठा करतात म्हणून मी ओरडत असे, शेजारी काय म्हणतील. बहिरे होताहेत हे मनात आलं नाही.

हे लिहिलं म्हणून यांचं माफ होत नाही. दोन्ही वेगवेगळं लिहिते.

२७ नोव्हें., गुरुवार

हे इंदापूरला गेले नाहीत. डेअरीतून सरळ घरी, साडेसहाला. मास्तरांचा फोन आला, माणसं जमून बसलीत. यांनी ताप आहे म्हणून सांगितलं. ताप नव्हता.

प्रार्थनेत वाचन यांनी केलं, नव्या चष्म्यातून. नंतर टीव्ही. घर पूर्वीपेक्षा गप्प आहे. आधी निदान फोन हातात धरून चेहरा हलायचा.

२८ नोव्हें., शुक्र.

यांनीच विषय काढला. जेवताना.

"परवा काय बोलणार आहेस?"

"नेहमीचं वाक्य मला म्हणता येणार नाही."

"विश्वासू नाही मी? कुठं गेलो मी? कोणाला हात लावला?"

"नाही लावला."

"मग?"

"तुम्हीच लिहिलं होतं, घरी बोलायला कोणी नाही. मी तेव्हा कुठं होते?"

भाकरी मोडत बसले. मग म्हणाले, "ठीक आहे. मी नाव मागे घेतो. तब्येतीचं कारण देतो."

मी आधी हो म्हणणार होते. मग लक्षात आलं. तुम्ही तब्येत सांगाल, आणि सगळी मंडळी माझ्याकडे बघेल. बायकोमुळे बिचाऱ्याला सोडावं लागलं. गिरणीवाल्याच्या गोष्टीवर शिक्का बसेल. मावशीसुद्धा तेच म्हणेल, आणि रूथच्या लग्नाच्या वेळी कोणीतरी पुन्हा उकरून काढेल.

हे सगळं मी बोलून दाखवलं. आवाज चढला नाही. म्हटलं, "घ्या मागे. पण कारण खरं सांगा. मंदाचं नाव न घेता सांगता येतं. तुम्ही सांगितलं नाहीत तर मी उभी राहीन आणि जे तोंडातून येईल ते येईल. खोटं येणार नाही एवढं ठाऊक आहे."

"आबांचं नाव आहे इथल्या मंडळीतसुद्धा."

"माझं पण नाव आहे."

हे ताट तसंच ठेवून उठले. भाकरी दीड उरली. सकाळी तव्यावर गरम करून मी खाईन.

२९ नोव्हें., शनिवार

यांनी पांढरा शर्ट स्वतः इस्त्री केला. कॉलर दोनदा. पाळकसाहेबांकडे जातील असं वाटलं होतं. गेले नाहीत. कुठंच गेले नाहीत.

चर्च सजवायला बोलावलं होतं, महिला मंडळाच्या बायकांबरोबर जाऊन मेणबत्त्या लावल्या. माझं स्टूल धरायला कोणी आलं नाही, म्हणून खालच्याच लावल्या.

३० नोव्हें., रविवार

लिहिते ते जसं झालं तसं.

आधी साळुंकेसर. त्यांच्या बाई उभ्या राहिल्या, वाक्य म्हटलं, बसल्या. पाळकसाहेबांनी हात ठेवले.

मग पाळकसाहेबांनी यांचं नाव घेतलं, आणि माझं. मी पुढच्या बाकाला धरून उठत होते. गुडघा धरला होता, वेळ लागला. तोवर हे उठले.

मग म्हणाले, "आज माझ्या घरची साक्ष घेऊ नका. तिनं भोजन सोडलं ते माझ्यामुळे. तिचं काही नाही. मी घरात... घरात राहून घराबाहेर होतो. बोलायचं असेल ते मला बोला. तिला कोणी बोलू नका."

आणि बसले.

पाळकसाहेब कागद उलटसुलट करत होते. मग गीताचा नंबर सांगितला, पेटीवाल्या पोराला सूर मिळेना. मी अजून उभीच होते. कमलमावशीनं पदर ओढून खाली बसवलं. माझ्या गुडघ्यावर हात ठेवला तो उपासना संपेपर्यंत काढला नाही. इतका वेळ गप्प बसलेली मी तिला पहिल्यांदा बघितली.

बाहेर यांच्याशी दोघंच बोलले. साळुंकेसरांनी हात हातात घेतला. पाळकसाहेब म्हणाले, "बुधवारी येतो घरी." पंच बाजूला उभे होते. कोणाचं काय ठरेल माहीत नाही. पुन्हा कधी नाव येईल असं वाटत नाही. पाळकीणबाई मला म्हणाली, "बहीण, मी चुकले." म्हटलं, "तुला काय माहीत."

घरी आल्यावर यांनी शर्ट काढून खुंटीला लावला. जेवण कोणी मागितलं नाही. दुपारी साडेतीनच्या सुमाराला मी पोहे करायला घेतले, तेव्हा हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उंबऱ्यावर बसले. नवराबायको म्हणून इतकी वर्षं राहिलो, तिथं बसलेले कधी आठवत नाहीत.

"तू म्हणत होतीस ना, मला सांगा."

"हं."

"मंदाच्या मनात आहे हे तू सांगितलंस. मला त्याआधीपासून माहीत होतं." फरशीवर बोटानं रेघ ओढत होते. "माझ्याही मनात आहे. ताटातली भाकर घेतली तेव्हाही होतं. पुसलं तरी गेलं नाही. काय करायचं मला कळत नाही."

महिनाभर मी एवढंच मागत होते, की यांनी मनातलं मला सांगावं. सांगितलं.

कांदा करपायला आला होता. कढई उतरवली, गॅस बंद केला. पाट ओढून यांच्या उजव्या बाजूला बसले, त्या कानानं ऐकू येतं म्हणून.

"पुढं सांगा," म्हटलं.